‘प्रपंच पाश’चा खेळ: मूकपट थेट वादकांसह कसा लावायचा

थेट संगीतासह मूकपट दाखवायची हौस असलेल्या फिल्म सोसायटीने सुरुवात १९२९ च्या ‘प्रपंच पाश’पासून करावी. लांबी ७४ मिनिटं, म्हणजे तीन-चार वादकांना न थकता निभावता येईल इतकी. गोष्ट महाभारतातल्या द्यूतावर बेतलेली, त्यामुळे पट मांडला की आपला प्रेक्षक आपोआप सावरून बसतो. रणजित आणि सोहत हे शेजारशेजारच्या राज्यांचे राजे, नात्याने भाऊबंद, आणि दोघांनाही फाशांचं व्यसन. रानात राहणाऱ्या कण्वांच्या मुलीवर, सुनीतावर, दोघांचाही जीव जडतो. तिथून शिकारीतला ‘अपघात’, खून, खोटा आळ आणि शेवटी लबाड फाशांनी जिंकलेलं राज्य.

दिग्दर्शन म्युनिकच्या फ्रान्झ ऑस्टेन यांचं, निर्मिती हिमांशू राय यांची. रणजित झालेत चारू रॉय, सुनीता सीता देवी, आणि सोहतच्या भूमिकेत खुद्द राय. चार वर्षांपूर्वी ‘प्रेम संन्यास’मध्ये गौतम बुद्ध साकारलेला नट इथे भावाच्या जिवावर उठतो, हे खेळाआधीच्या दोन शब्दांत सांगण्यासारखं आहे. याच राय यांनी पुढे १९३४ मध्ये देविका राणींबरोबर मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली आणि ऑस्टेन तिथेही दिग्दर्शनाला आले.

चित्रण राजस्थानातलं, खऱ्या महालांत, खऱ्या हत्तीघोड्यांच्या ताफ्यासह. नवख्या वादकांची फसगत इथेच होते. हत्ती दिसला की नगारा, घोडे दिसले की द्रुत तीनताल, असं सुरू झालं की वीस मिनिटांत कान बधिर होतात आणि खरा डाव येतो तेव्हा वाजवायला काही शिल्लक उरत नाही. या चित्रपटाचा धागा मिरवणुकीत नसून कोण कोणाकडे कसं बघतंय यात आहे. खाली जे सांगितलं आहे ते सगळं याच हिशेबाने.

प्रत, हक्क, परवाने

आपल्या कायद्यात चित्रपटाला प्रदर्शनानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, त्यामुळे मूळ चित्रपट भारतात केव्हाच मोकळा झाला. पण तुम्ही मूळ चित्रपट दाखवत नसता, कोणीतरी खर्च करून दुरुस्त केलेली प्रत दाखवत असता. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जतन केलेली प्रत २००७ मध्ये नितीन साहनी यांच्या नव्या संगीतासह लोकांसमोर आली. त्या संगीताचे हक्क आजही पूर्ण लागू आहेत. डीव्हीडी आणून आवाज बंद केला आणि आपली पेटी वाजवली म्हणजे प्रश्न मिटला, असं नाही. जाहीर खेळाची परवानगी प्रतीसाठी वेगळी लागते. पत्र लिहिताना तीन गोष्टी स्पष्ट मागा: एका खेळाची परवानगी, संगीत नसलेली प्रत, आणि तालमीसाठी हलक्या दर्जाची, पडद्यावर वेळ उमटवलेली फाइल. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि मग तालीम यूट्यूबवरच्या दुसऱ्याच लांबीच्या प्रतीवर होते.

डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात चालणारी डिजिटल प्रत, येणार असेल आणि ती कुलूपबंद असेल तर ती उघडणाऱ्या डिजिटल किल्लीची मुदत आदल्या दिवसापासून मागून घ्या. किल्ली फक्त खेळाच्या तासांपुरती असली की आदल्या रात्री चाचणीला बसलेला प्रोजेक्शनिस्ट हात हलवत परत जातो. तिकीट लावणार असाल तर सेन्सॉर प्रमाणपत्र किंवा त्यातून सूट, सभागृहाची अट आणि स्थानिक पोलिसांचा परवाना यांची विचारपूस सहा आठवडे आधी सुरू करा. फक्त सभासदांसाठीच्या खेळाला नियम वेगळे पडतात, तेही लेखी विचारून घ्या.

जुनी रिळं मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका. १९५० च्या आसपासपर्यंतची ३५ मिमी फिल्म नायट्रेटची असू शकते. ती एकदा पेटली की स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, पाण्यात बुडवली तरी विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशाच जुन्या नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागून मोठा ठेवा जळाला. डब्यातून आंबूस, तिखट वास येत असेल, फिल्म चिकट झाली असेल किंवा तपकिरी भुकटी पडत असेल तर डबा बंद करा, घरात ठेवू नका आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. प्रोजेक्टरवर चढवून ‘एकदा बघू’ हा विचारसुद्धा नको.

वेग

मूकपटाची माणसं तुरुतुरु चालतात ही समजूत चुकीच्या वेगामुळे झाली आहे. बोलपटाचा वेग सेकंदाला २४ फ्रेम ठरला तो आवाजाच्या पट्टीसाठी. त्याआधी कॅमेरा बहुधा हाताने फिरायचा आणि वेग १६ पासून २४ पर्यंत कुठेही असायचा, कधी एकाच चित्रपटात दृश्यागणिक बदलायचा. ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. म्हणून १००० फुटांचं रीळ १६ च्या वेगाने १६ मिनिटं ४० सेकंद चालतं, १८ ने १४ मिनिटं ४९ सेकंद, २० ने १३ मिनिटं २० सेकंद आणि २४ ने जेमतेम ११ मिनिटं ७ सेकंद.

डिजिटल प्रतीत हा हिशेब आधीच केलेला असतो, पण बाजारातल्या सगळ्याच प्रतींत तो बरोबर असेल असं नाही. २० फ्रेमचं चित्रण २४ ने पळवलं तर ७४ मिनिटांचा ऐवज ६२ मिनिटांत उरकतो. हाती आलेली फाइल एवढी आखूड असली तर आधी काही भाग गाळला आहे का ते पाहा. तसं नसेल तर व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये वेग ०.८३ करून पाहा. बरोबर वेग ओळखायला हत्ती किंवा घोडे बघू नका, ते कुठल्याही वेगात खरेच वाटतात. पायऱ्या उतरणारा माणूस बघा, खांद्यावरून घसरणारा शेला बघा. शेला दगडासारखा पडला तर वेग जास्त, तरंगत राहिला तर कमी. वेग बदललात तर तालमीची फाइलही त्याच वेगाने चालवा.

पडदा आणि प्रोजेक्टर

चित्राचा आकार ४:३ आहे, आजचे पडदे १६:९. पडदा ४ मीटर रुंद आणि २.२५ मीटर उंच असेल तर चित्र ३ मीटर रुंद येईल आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर पडदा रिकामा राहील. तो तसाच राहू द्यावा, शक्य तर काळ्या कापडाने झाकावा. ‘पडदा भरलेला दिसावा’ म्हणून चित्र ताणलं की सीता देवींचा चेहरा भाकरीसारखा पसरतो. झूम करून भरलं तर वरून मुकुट आणि खालून संवाद-निवेदनाच्या लेखी पाट्यांची शेवटची ओळ कापली जाते.

१०८० ओळींची प्रत २.२५ मीटर उंचीवर एका ओळीला २ मिलिमीटरच्या आसपास येते. ४८० ओळींच्या प्रतीत तीच ओळ ४.७ मिलिमीटर होते आणि पुढच्या तीन रांगांना चेहऱ्याऐवजी ठिपके दिसतात. हलकीच प्रत असेल तर पडदा लहान करा आणि खुर्च्या मागे घ्या. शेवटची रांग चित्राच्या उंचीच्या सहापट अंतरापलीकडे नको, म्हणजे इथे साडेतेरा मीटर, नाहीतर पाट्या वाचता येत नाहीत.

प्रोजेक्टरमधली ‘हालचाल गुळगुळीत’ करणारी सोय आठवणीने बंद करा. ती चालू राहिली तर मधल्या खोट्या फ्रेम तयार होतात आणि चित्रपट टीव्ही मालिकेसारखा दिसायला लागतो. रंगाची मांडणी ‘सिनेमा’वर ठेवा, ‘व्हिव्हिड’वर काळी छटा निळसर होते.

पाट्या मराठीत कशा द्यायच्या

उपलब्ध प्रतीत पाट्या इंग्रजी आहेत. खाली मराठी ओळ उमटवता येते, पण पाटी काळी आणि अक्षरं पांढरी असल्याने डोळ्यांची ओढाताण होते. त्यापेक्षा पडद्याच्या बाजूला उभा राहून वाचणारा निवेदक बरा. मूकपटांच्या जमान्यात पुष्कळ ठिकाणी असे वाचणारे असत, म्हणजे रीतही जुनीच.

निवेदकासाठी मोजमाप सोपं आहे. स्पष्ट, न धावता वाचलं तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. पाटी ६ सेकंद टिकत असेल तर मराठी मजकूर १० शब्दांत बसवा आणि एक सेकंद श्वासाला ठेवा. प्रत्येक पाटीचे सेकंद मोजून कागदावर लिहिल्याशिवाय भाषांतराला हात घालू नये. लांबलेलं वाक्य पुढच्या चेहऱ्यावर सांडतं, आणि या चित्रपटात पाटीनंतरचा चेहरा पाटीइतकाच बोलत असतो.

भाषा नाटकी चढवू नका. राजे एकमेकांना ‘बंधुराज’ म्हणाले तर खपतं, सेवक ‘महाराज’ म्हणणारच, सुनीता वडिलांना ‘बाबा’ म्हणाली तर कानाला बरं लागतं. पण प्रत्येक पाटीत ‘हे प्राणेश्वरी’ आलं की सभागृहात खसखस पिकते. निवेदकाने आवाज बदलून पात्रं वठवू नयेत. सोहतची धमकी जितकी सपाट वाचाल तितकी ती टोचते.

संगीत

चार माणसं पुरतात: पेटी, तबला, बासरी किंवा सारंगी, आणि एक जण नगारा, झांज आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा सांभाळायला. चौथा माणूस हौशी चालेल, पण शिस्तीचा हवा.

सूर आधी ठरवा. बासरीवाल्याकडे मोठी बासरी बहुधा पांढरी तीनची, म्हणजे पेटीवरच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची असते, तेव्हा सगळ्यांनी पांढरी तीन धरावी. ७४ मिनिटं एकच षड्ज ठेवा. मध्येच सूर बदलला तर तबला लावायला वेळ नाही, आणि अंधारात हातोडीचे ठोके पहिल्या रांगेत ऐकू जातात. एक जास्तीचा दाया, म्हणजे उजव्या हाताचा तबला, त्याच सुरात लावून शेजारी ठेवा. वातानुकूलन खेळाच्या अर्धा तास आधी सुरू करून मगच तबला लावा. दमट हवेत लावलेला तबला थंड, कोरड्या हवेत चढतो.

राग निवडताना घड्याळ सभागृहाचं बघायचं नाही, पडद्यावरचं बघायचं. संध्याकाळच्या खेळात आश्रमाच्या सकाळी अहिर भैरव वाजला तर कोणी हरकत घेणार नाही. रणजित आणि सुनीतासाठी खमाज किंवा पिलूतली एक छोटी, आठ-दहा सुरांची ओळ बांधा. ती गुणगुणता आली पाहिजे, कारण पुढे तीच मोडून वापरायची आहे. रात्रीच्या प्रसंगांना बागेश्री चालतो. मालकंसाचा मोह होईल, पण त्यात पंचम नाही, तानपुरा मध्यमावर लावावा लागेल.

सोहतसाठी मारवा. कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम, पंचम गायब, आणि षड्जावर मुद्दाम न टेकणं. ऐकणाऱ्याला नाव माहीत नसलं तरी पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं, आणि कारस्थान्याला आणखी काय हवं? मात्र तानपुऱ्यात पंचम चालू राहिला तर सगळा परिणाम विरतो. म्हणून तानपुऱ्याची पहिली तार पंचमावरून निषादावर न्यायची खूण चौथ्या माणसाच्या कागदावर लाल शाईने लिहा आणि परत पंचमावर आणायची खूणही लिहा. ही दुसरी खूण सुटली की पुढच्या प्रेमप्रसंगात खमाजाच्या खाली निषाद घोंघावत राहतो आणि काय बिघडलंय हे कोणाला उमगत नाही.

सनई लग्नाच्या तयारीपर्यंत राखून ठेवा. मराठी कानाला सनई म्हणजे लग्नघर. ती आधी हत्तींच्या स्वारीत उडवून टाकली तर लग्नाच्या वेळी तिचा अर्थच उरत नाही. शिवाय बंद सभागृहात ती बाकीची वाद्यं गिळते, तेव्हा या चौघांखेरीज बोलावलेला सनईवाला दाराबाहेर किंवा शेवटच्या रांगेमागे बसवा. लांबून येणारा आवाज लग्नाच्या गडबडीला शोभतोही.

फाशांचा डाव

याच प्रसंगावर तुमचा खेळ तरणार की बुडणार ते ठरतं. हात, फासे, डोळे, पुन्हा हात, अशी दृश्यं आलटून पालटून येतात. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे लय वाढवत नेणं. डाव वाढतोय म्हणून तबला एकपट, दुपट, चौपट गेला की ताण वाढण्याऐवजी करमणूक वाटू लागते. दुसरी म्हणजे फासे पडताना लाकडी पाटावर खरे फासे टाकून आवाज काढणं. पाव सेकंद जरी मागेपुढे झालं तरी प्रेक्षक हसतो, आणि तो हसला की रणजितचं राज्य गेल्याचं दुःख कोणाला होणार?

त्याऐवजी असं करा. पट मांडला जाताच तबला हात काढून घेतो. मारव्याचे तीन-चार सूर सारंगीवर किंवा बासरीच्या खालच्या सप्तकात, फार विरळ. फासे हातात खुळखुळत असताना तेही थांबवायचे आणि केवळ तानपुरा ठेवायचा. फासे पडले, त्यानंतर जो चेहरा दिसेल, फाशांवर नव्हे तर त्या चेहऱ्यावर, डग्ग्यावर एकच थाप. पहिल्या हरण्याला मऊ, पुढच्याला त्याहून मऊ. शेवटच्या, सगळं घालवणाऱ्या फेकीला थाप नाहीच. त्या जागी सुरुवातीची प्रेमाची ओळ निम्म्या लयीत, ठेक्याविना, अर्ध्यावर सोडून द्यायची. तालमीत वादकांना ही शांतता जड जाते, हात शिवशिवतात. प्रमुखाने इथे कडक राहावं.

अखेरच्या पाठलागाला मात्र दम हवा. नगारा आता पहिल्यांदा पूर्ण ताकदीने. द्रुत तीनताल मिनिटाला १४० मात्रांच्या आसपास धरा, २०० ने सुरू केलात तर वर चढायला जागा नाही आणि तबलजीचा मनगटाखालचा हात शेवटच्या दोन मिनिटांत भरून येतो. सोहत कड्यावरून जातो तिथे समेवर थांबा आणि पुढचं दृश्य येईपर्यंत काहीही वाजवू नका.

क्यू शीट आणि तालमी

क्यू शीट म्हणजे कुठे काय वाजायचं याचा खुणांचा कागद. वादकांना मिनिट-सेकंद देऊन उपयोग नाही, त्यांना पडद्यावरची खूण हवी. प्रत्येक बदलासाठी एका ओळीत पाच गोष्टी लिहा: दहा-बारा सेकंद आधीची पूर्वखूण, नेमकी खूण म्हणजे पाटीचा शेवटचा शब्द किंवा एखादी हालचाल, काय वाजायचं, कोणी थांबायचं, इशारा कोणाचा. ७४ मिनिटांत असे २५ ते ३० बदल पुरेत. चाळीसच्या पुढे गेलात तर वादक कागदच बघत बसतात. अक्षरं १८ पॉइंटपेक्षा लहान नकोत.

इशारा एकाचाच, आणि तो पेटीवाल्याचा असावा, कारण तो बसल्या जागेवरून सगळ्यांना दिसतो आणि सूर एका हाताने धरून ठेवू शकतो. संकटकाळी एवढं बास असतं.

पहिली तालीम वाद्यांविना: सगळ्यांनी चित्रपट दोनदा बघायचा, दुसऱ्यांदा खुणा मोठ्याने म्हणत. दुसरी थांबत थांबत. तिसरी सभागृहात, न थांबता, निवेदकासह. दोन्ही राजे पागोट्या-दागिन्यांत एकसारखे दिसतात आणि पहिल्या दहा मिनिटांत वादकही गोंधळतात, त्यामुळे चारू रॉय आणि हिमांशू राय यांचे चेहरे आधी नीट ओळखून घ्या. प्रवेशदाराशी दोघांचे फोटो नावांसह लावले तर प्रेक्षकांचीही सोय होते.

खेळाच्या दिवशी

वादक पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला, तिरके बसवा. दिवे क्लिपचे, पिवळसर, कागदावर पडणारे. सगळे लावून पडद्यावर पूर्ण काळी प्रतिमा टाका आणि मधल्या रांगेत बसून बघा. पडद्याचा जो कोपरा राखाडी दिसेल तिथला दिवा वळवा. पेटीची धातूची पट्टी आणि निवेदकाचा चष्माही उजेड फेकतो. दीडशे खुर्च्यांच्या सभागृहात तबल्याला माईक लागत नाही, बासरी आणि निवेदकाला मात्र द्या.

मध्यंतर घेऊ नका. सभागृहाची अटच असेल तर लग्नाच्या तयारीआधी घ्या, खून आणि खोटा आळ यांच्या मधोमध नको.

चित्र अडकलं, वीज गेली, तर पेटीवाल्याने चालू रागाचा षड्ज धरून ठेवायचा, बाकीच्यांनी थांबायचं, निवेदकाने काही बोलायचं नाही. दोन मिनिटांपर्यंत लोक बसून राहतात. चित्र परत येईल ते जिथे अडकलं त्याच्या अर्धा मिनिट आधीपासून लावायला प्रोजेक्शनिस्टला आधीच सांगून ठेवा, म्हणजे वादकांना मागची खूण पुन्हा मिळते. आणि या अर्ध्या मिनिटात तबला वाजवायचा नाही, पुढची खूण आली की एकत्र उचलायचं.